दुसरी वाचक

५ जुलै २०२०, रविवार. ट्रुगानिना

नवी वही, नवं घर, नवं काम. पहिल्या पानावर शाळेतल्यासारखं ठसठशीत नाव घातलंय: मयूरा विलास सबनीस. आईने पाहिलं तर म्हणेल, आता तरी अक्षर सुधार.

काय घर आहे! चार बेडरूम आणि मी एकटी. मार्चपासून फुट्सक्रेला ज्या घरात दिवस काढले तिथे चौघींत मिळून एक बाथरूम, आणि सकाळी बाहेर टॉवेल घेऊन रांग. कॅफेतली नोकरी लॉकडाऊनने खाल्ली, युनी बंद, पुण्याला परतायला विमान नाही. अशात बाईसाहेबांचा फोन आला, की घर सांभाळायला ये, कामही देते. देवच पावला म्हणायचा.

बाईसाहेब म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. पुण्यात आम्ही दोघी शिलालेखांमागे वेड्यासारख्या हिंडलो. वीरगळांवर ओला कागद चिकटवून ब्रशने ठोकठोक ठोकायचा आणि ठसा घ्यायचा. ठसा तिने घ्यायचा, बादली मी धरायची, असा तिचा खाक्या, म्हणून बाईसाहेब. मला ती मोर म्हणते. आज दारात बघितल्यावर दीड मीटरचा नियम पाळून दोघींनी हवेतच मिठी मारली, मग नियम गेला खड्ड्यात. फार वाळलीय ती.

एक गंमत. सकाळी आईने फोनवर विचारलं, कुणाकडे राहायला चाललीस, आणि मला बाईसाहेबांचं खरं नाव सांगताच येईना! आईलाही आठवेना, आणि आईच्या हातचे पोहे खायला बाईसाहेब तीन वर्षं आमच्याकडे यायची. फोनमध्ये पाहिलं तर नुसता नंबर. एवढी वर्षं बाईसाहेब बाईसाहेब केल्यावर दुसरं काय होणार. हे तिला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही, घर दाखवायला लागली.

७ जुलै, मंगळवार

बाईसाहेब गेल्या. आज रात्री शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याची सीमा बंद होतेय, त्याआधीच्या विमानात जागा मिळाली. तिचा नवरा हृषिकेश तिकडे वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. गेल्या महिन्यात तो लीनाला, त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन पेंडल हिलला राहायला गेला. काहीतरी बिनसलंय हे उघड आहे. फ्रिजवर लीनाने काढलेलं चित्र लावलंय: बाबा, लीना, एक मांजर. आई नाही. विचारायचा धीर झाला नाही.

जाताना तिने काम समजावून दिलं. तिच्या युनीला इथल्या एका शेतावरून ओघम लिपी कोरलेला दगड मिळालाय. आयर्लंडचा, तिथे ख्रिस्ती मठ नुकते उभे राहत होते त्या काळचा. शेतमालकाच्या कुणा पूर्वजाने जहाजातून आणला आणि फाटकाचा खांब म्हणून पुरला. गाईंनी अंग घासून घासून त्याच्या कडा झिजवल्या. कॅम्पस बंद झाल्यावर बाईसाहेबांनी तो उचलून स्वतःच्या गॅरेजमध्ये आणून ठेवला. तिचं वाचन झालेलं आहे. पण आमच्या धंद्यात एकट्याचं वाचन धरत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी, पहिलं वाचन न बघता, अगदी कोऱ्या मनाने दगड वाचायचा. दोन्ही जुळली की मगच लेख वाचला म्हणायचं. पुण्यातही आम्ही हेच करायचो, ती पहिली, मी दुसरी.

तिने माझे हात धरून बजावलं, की मधे सोडू नकोस, शेवटच्या अक्षरापर्यंत वाच आणि मला पाठव. प्रॉमिस दे म्हणाली. मी म्हटलं, नो वरीज गं. आपल्या माणसाला कसलं प्रॉमिस द्यायचं!

११ जुलै, शनिवार

दगडाशी ओळख झाली. माझ्या खांद्याएवढा, हिरवट करडा, वाळूच्या दगडाचा. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला लीनाची तीनचाकी सायकल, मधे हे महाशय.

ओघम दिसायला अगदी गरीब लिपी आहे. चित्र नाही, वळण नाही. दगडाची उभी कड हीच ओळ. कडेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा, डावीकडे एक ते पाच, कडेच्या आरपार तिरक्या एक ते पाच, झाली व्यंजनं. स्वर म्हणजे कडेवरच्या एक ते पाच बारीक खाचा, बोटाच्या पेराने दाबल्यासारख्या. वाचायचं खालून वर. मजकूरही ठरलेला: अमका, अमक्याचा मुलगा, तमक्या कुळातला. बस. पूजेला बसल्यावर आपण संकल्पात सांगतो तेच. आमच्याकडे गणपतीला बाबा घरातल्या एकेकाचं नाव घेतात, गावाबाहेरच्यांचं आधी, त्याची आठवण झाली.

अडचण एवढीच की एक रेघ झिजली की अक्षर बदलतं. पूर्वीचे लोक रेघांत खडू भरायचे, आणि मग पुढच्या प्रत्येकाला खडू भरणाऱ्याला दिसलेलंच दिसायचं. म्हणून खडू बंद. उजेड बाजूने टाकायचा, आणि शंका आली की डोळे मिटून बोट फिरवायचं. इथल्या हिवाळ्यात दुपारी चारचं ऊन गॅरेजच्या अर्ध्या उघड्या दाराखालून इतकं तिरपं येतं की टॉर्च लागत नाही. बाईसाहेबांनी जागा हेरून दगड ठेवलाय.

१९ जुलै, रविवार

शेजारच्या वासंतीकाकूंशी गट्टी जमली. नातू बघायला तीन महिन्यांसाठी नाशिकहून आल्या आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या. कुंपणावरून थालीपीठ देतात आणि वर ऐकवतात, की मयूरा, तुझ्या वयाच्या मुलीने गॅरेजात दगड कुरवाळत बसणं बरं नव्हे. मला खूप आवडतात. त्यांनी विचारलं, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय गं, इतके दिवस शेजारी राहिले पण डोक्यात राहतच नाही, वय झालं. मी म्हटलं, बाईसाहेब. काकू म्हणाल्या, हे काय नाव झालं?

खरंच, काय नाव आहे तिचं? विचारायला हवं. पण आता कोणत्या तोंडाने विचारू.

२६ जुलै, रविवार

पहिला शब्द लागला! क, इ, न, म, अ, इ. किनमाई की काहीतरी. असं नाव कुठल्या यादीत नाही, तरी जिभेला ओळखीचं लागतंय. आणि त्यापुढचा शब्द वाचून मी गॅरेजमध्ये एकटीच नाचले. ‘मुलगा’ नाही, ‘इनिगेना’ आहे. मुलगी! ओघम दगडावर बाईचं नाव म्हणजे लाखात एक गोष्ट.

मितालीला फोन केला. माझी धाकटी बहीण, पुण्यात माझाच विषय शिकतेय. ती तर वेडीच झाली. ताई, मला काही सांगू नकोस, नुसते फोटो पाठव, मीही कोरी वाचते म्हणाली. पाठवीन म्हटलं. तिरप्या उन्हात एकेका रेघेचे फोटो काढून ठेवलेत, स्कॅनपेक्षा सुरेख आलेत.

३ ऑगस्ट, सोमवार

कालपासून कर्फ्यू. संध्याकाळी आठनंतर बाहेर पडायचं नाही, दिवसाही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. मला काय, मी गॅरेजपर्यंतच जाते.

आज शेवटचा शब्द. बापाचं नाव. सगळ्यात झिजलेलं, म्हणून बोटाने वाचलं. ड. पाच खाचा, इ. न. अ. न. अ. त. जुळवून मोठ्याने म्हटलं, दिनानात.

आणि हसूच आलं. दीनानाथकाका! बाईसाहेबांचे वडील, कोथरूडचे, दिवाळीला आम्हाला चिवडा बांधून द्यायचे ते. आणि त्यांच्या मागोमाग तिचं नाव धाडकन आठवलं. चिन्मयी! चिन्मयी, चिन्मयी. कशी विसरले होते मी? किनमाई कसली, चिन्मयी, दीनानाथची मुलगी.

मग हसू थांबलं. रेघांत शेवाळ धरलंय. काल कोरलेल्या रेघा नाहीत या.

चिन्मयीची चेष्टा असणार. काहीतरी पावडर, काहीतरी लेप. वाचन पाठवलं आणि खाली लिहिलं, भारी आहेस, पकडलं तुला. लगेच उत्तर आलं: जुळलं. आणि मग रडणारे कितीतरी चेहरे.

५ ऑगस्ट, बुधवार

तिचा आवाजी मेसेज आला. तीनदा ऐकला. जसा आहे तसा लिहून ठेवते.

“मोर, आधी ऐकून घे. तो दगड नेहमी एकाचंच नाव धरतो. ज्याचं नाव त्यावर असतं ना, ते बाकीच्या लोकांच्या डोक्यातून जातं. आधी नाव, मग हळूहळू माणूसच, घरच्यांच्या डोक्यातून सगळ्यात आधी. दुसऱ्याने पूर्ण वाचलं की पहिला सुटतो आणि दगड वाचणाऱ्याला धरतो. माझ्या सरांनी मला असंच वाचायला बसवलं. सेकंड रीडर हो म्हणाले, आणि मी खूश झाले, माहितीये? नंतर त्यांना फोन केला तर, हू इज धिस? खरंच ओळखलं नाही, नाटक नव्हतं. म्हणजे मीही तुला ओळखणार नाही काही दिवसांनी. म्हणून सॉरी आत्ताच म्हणते. लीनाने मला आंटी म्हटलं, मोर. डॅडी, हू इज दॅट आंटी, म्हणाली. आज सकाळी दार उघडून मम्मी म्हणत पळत आली. तू माझ्या जागी काय केलं असतंस?”

काय केलं असतं? तुला विचारलं असतं, चिन्मयी. समोर बसवून सगळं सांगितलं असतं आणि विचारलं असतं, माझ्यासाठी वाचशील का. लीनाचं चित्र मी रोज बघत होते. मागितलं असतंस तर कदाचित वाचलंही असतं. दोघींनी मिळून काही उपाय शोधला असता. तू मागितलंच नाहीस. हात धरून, डोळ्यांत बघून खोटं बोललीस. एवढी वर्षं मी तुझी बादली धरली ती या दिवसासाठी?

हे सगळं खरं आहे असं मी अजून मानत नाही. ताणाने माणसाचं डोकं फिरतं. पण राग खरा आहे.

९ ऑगस्ट, रविवार

चार दिवस गॅरेजचं दार उघडलं नव्हतं. आज उघडलं. सगळ्यात खाली, जिथे डावीकडे चार रेघा होत्या, तिथे आता एकच आहे. तिरकी, कडेच्या आरपार. म्हणजे म. रेघेत शेवाळ आहे. माझ्या जुलैतल्या फोटोंतसुद्धा आता तीच एक रेघ दिसतेय.

तिच्यावर एक खाच. बाकी दगड गुळगुळीत.

१५ ऑगस्ट, शनिवार

पाच अक्षरं झालीत. मी बघत असताना काही होत नाही. पाठ फिरवली की होतं.

हातोडी मारून पाहिली. दांडा तुटला. दगडाचा टवकाही उडाला नाही. कड घासायला गेले तर माझंच नख उखडलं.

वासंतीकाकूंनी डबा दिला आणि म्हणाल्या, हे घे गं, अगं ही, तू ती, काय बाई तुझं नाव? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि डबा पुढे करून पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. माझे ओठ हलताना त्या बघत होत्या, एखाद्या बंद खिडकीकडे बघावं तशा.

चिन्मयीला मेसेज केले. बघते, उत्तर देत नाही. पूर्वी ‘मोर’ लिहून सुरुवात करायची. काल एकदाच आलं: हाय, सॉरी, हा नंबर कुणाचा?

२२ ऑगस्ट, शनिवार. गणपती

सकाळपासून ठरवलं होतं की घाबरायचं नाही. उकडीचे मोदक जमणार नव्हते, शिरा केला. पुण्याला व्हिडिओ लावला. बाबा सोवळं नेसून पाटावर, आई मागे, मिताली फोन धरून. मला बघून आई बाळा म्हणाली. इतकं हायसं वाटलं की रडले, आई म्हणाली, वेडी, पुढच्या वर्षी येशीलच.

मग बाबांनी पळीत पाणी घेतलं. गोत्र म्हटलं. गावाबाहेरच्यांची नावं आधी. ते थांबले. पळी हातात तशीच. आईकडे बघितलं. आईने त्यांच्याकडे. मला वाटलं नेट गेलं. मग बाबांनी स्वतःचं नाव घेतलं, आईचं घेतलं, मितालीचं घेतलं आणि पाणी ताम्हनात सोडलं.

मी ओरडले, बाबा, माझं राहिलं. ते घाबरून हसले आणि म्हणाले, हो हो, तुमचंही सगळं चांगलं होईल.

तुमचंही.

२४ ऑगस्ट, सोमवार

आईला फोन. खूप वेळ वाजला. आई नीट, गोड बोलली, जशी अनोळखी लोकांशी बोलते. आपण कोण? कुणाशी बोलायचंय आपल्याला?

मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, आवाज रडवेला वाटतोय हो आपला, कुणी जवळ आहे का आपल्याजवळ?

इतकी चांगली आहे माझी आई. परक्या मुलीचीसुद्धा काळजी करते.

२५ ऑगस्ट

बापाचं नाव सुरू झालं. उजवीकडे तीन रेघा. व. मग खाचा. मग ल —

बाबांना यात ओढू नका. मला ओढलंत तेवढं —

२७ ऑगस्ट

मितालीचा मेल. डिअर सर/मॅडम. तिला तिच्या फोनमध्ये हा पत्ता सापडला, कुणाचा ते आठवत नाही, पण पुढे ‘ओघमचे फोटो’ अशी नोंद आहे. कृपया पाठवाल का, मी ते स्वतंत्रपणे वाचून आपल्याला कळवीन. वाचन पडताळायला माझा उपयोग होईल.

फोटो जोडले. सगळे जोडले. बोट ‘सेंड’वर.

एक टिचकी मारली की संध्याकाळी आई बाळा म्हणेल. बाबा पळी पुन्हा भरतील. मिताली काय, हुशार आहे, ती पुढचा कुणी शोधेल, तो त्याच्या पुढचा —

चिन्मयीचं बोट असंच थांबलं असेल का? थांबलं असलं तरी तिने दाबलं. मला नाही जमणार. ती माझ्या कडेवर वाढलीय.

फोटो पुसले. मेल पुसला. फोन आणि लॅपटॉप दोन्हीतून. मग फरशीवर बसून चिन्मयीला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. सगळ्या मराठीत.

२८ ऑगस्ट

काकू कुंपणापलीकडे मुलाला विचारत होत्या, शेजारचं घर रिकामं आहे ना रे, मग खिडकीत दिवा कसा? मी अंगणातच उभी होते. हात केला. काकू माझ्यातून पलीकडे बघत —

२९ ऑगस्ट

चिन्मयीला फोन केला. शेवटचा. उचलला. एवढंच मागायचं होतं, की तू तरी एकदा माझं नाव घे. तुला तरी आठवायला हवं. तू केलंस हे.

हॅलो? म्हणाली. मजेत होती. मागे कुकरची शिटी, कार्टून. मी म्हटलं, मोर बोलतेय.

कोण? सॉरी?

मागून लीना. मम्मी, हू इज इट?

नो वन, बेबी. राँग नंबर.

खोटं नव्हतं आवाजात. तेच. तिला माफी मागायची आहे हेसुद्धा आता तिला माहीत नाही. रागावू कुणावर? जिने केलं ती शिल्लकच नाही. नुसती एक आई आहे, दुपारी भात लावणारी —

ऑगस्ट

घरात कोण कोण. बाबा. आई. मिताली. आणखी एक होतं. चौघं होतो आम्ही, चार पाट —

वहीचं पहिलं पान कोरं आहे. मी तिथे काहीतरी लिहिलं होतं. ठसठशीत.

चार वाजले असावेत. गॅरेजच्या दाराखालून ऊन आलंय. दगड भरलाय, खालपासून वरपर्यंत. त्याला येतं. एवढ्या जगात त्या एकट्याला माझं नाव येतं. त्याच्याशेजारी बसलेय. गार आहे. खालून वर वाचायचं, डोळे मिटून, बोट कडेवर. डाव्या हाताने वाचते, उजव्याने लिहिते.

तिरकी एक. म.

मग खाच. अ.

मग